मुलांची उंची नीट मोजा आणि नोंद पालकांच्या हाती द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या राज्यातल्या बहुतेक शाळांच्या प्रगतिपुस्तकात विषयवार श्रेणींच्या जवळच उंची आणि वजन असे दोन लहान रकाने असतात आणि प्रत्येक सत्रात ते भरायचे असतात. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ही प्रगतिपुस्तके माझ्या टेबलावर वारंवार येतात, कारण मुलाच्या वाढीची शंका घेऊन कोणी आले की मी जुनी प्रगतिपुस्तके आवर्जून मागवतो. त्यांत जे दिसते त्याने काळजी वाटते. कुठे रकाने कोरेच असतात, कुठे दोन्ही सत्रांत एकच आकडा असतो, तर कुठे एकाच मुलाची उंची तिसरीत १२४, चौथीत १२१ आणि पाचवीत १३१ सेंटीमीटर अशी लिहिलेली असते. वाढत्या वयाच्या मुलाची उंची घटत नाही. म्हणजे मोजण्यात चूक झाली किंवा अंदाजाने आकडा भरला गेला. हे मी शिक्षकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्यामागे कामांचा ससेमिरा असतो, उंची कशी मोजावी हे त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि हा आकडा पुढे कोणी वाचणार नाही याची त्यांना खात्री असते. ती खात्री खोटी ठरावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

मुलाचे आरोग्य तपासण्याचे उंचीइतके स्वस्त आणि बोलके साधन दुसरे नाही. शरीर आजारी असेल, अन्न कमी पडत असेल किंवा एखादी ग्रंथी नीट काम करत नसेल, तर इतर लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी उंची वाढण्याचा वेग मंदावतो. मात्र हे कळायला एक आकडा पुरत नाही. आज मूल किती उंच आहे याने थोडेच कळते. गेल्या वर्षात ते किती वाढले याने पुष्कळ कळते.

हा वेग निरोगी मुलांत कसा असतो, ते पालकांना माहीत हवे. जन्मतः बाळाची लांबी साधारण ५० सेंटीमीटर असते. पहिल्या वर्षात तीत सुमारे २५ सेंटीमीटरची भर पडते, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास आणि तिसऱ्यात ८ च्या आसपास. त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर असा संथ पण न चुकणारा वेग राहतो. वयात येताना वाढ पुन्हा जोर धरते; या काळात मुली एखाद्या वर्षात ८ आणि मुले ९ ते १० सेंटीमीटरपर्यंत वाढतात. मुलींमध्ये हा जोर मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येतो, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि नववी-दहावीत मुले त्यांना मागे टाकतात. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाची उंची १७५९ पासून १७७७ पर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. वाढीच्या अभ्यासात ती नोंद आजही दाखवली जाते, कारण लहानपणी उतरत गेलेला आणि किशोरवयात उसळलेला वेग तीत स्पष्ट दिसतो. एका घरातल्या एका बापाला जे अडीचशे वर्षांपूर्वी जमले, ते आपल्या शाळांना जमू नये असे त्यात काहीच नाही.

मागे एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला बद्धकोष्ठासाठी घेऊन आली होती. मुलगी शांत होती, गालांवर थोडी सूज होती, आणि पंखा सुरू होताच तिने ओढणी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. उंचीचा विषय काढल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर, ही माझ्या सासूबाईंच्या वळणावर गेलीय, त्या पण ठेंगण्याच. गणवेश मात्र दोन वर्षं पुरला हो, खालची दुमड उसवावीसुद्धा लागली नाही." त्या एका वाक्याने मी सावध झालो. वाढत्या वयाच्या मुलीला गणवेश दोन वर्षे जसाच्या तसा पुरणे हेच आजाराचे लक्षण आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी प्रगतिपुस्तके आणून दिली. या शाळेने सुदैवाने मोजमाप नीट केलेले होते. नवव्या वर्षी १२१ सेंटीमीटर, आणि आता अकराव्या वर्षी मी मोजली ती १२३. ज्या काळात दहा-बारा सेंटीमीटर भर पडायला हवी होती, त्या काळात दोनच पडली होती. रक्ताच्या तपासणीत थायरॉइड ग्रंथी जवळजवळ काम करत नसल्याचे निघाले. दिवसाला काही रुपयांच्या गोळीने पुढच्या वर्षभरात ती मुलगी नऊ सेंटीमीटर वाढली, आणि शाळेतही तरतरीत झाली असे आईने आपणहून सांगितले. आकडे प्रगतिपुस्तकात होते. ते एकाशेजारी एक ठेवून पाहणारे मात्र कोणी नव्हते. ही मुलगी आणखी तीन-चार वर्षांनी आली असती, तर गेलेली उंची पूर्ण भरून निघणे अवघड झाले असते.

थायरॉइड हे एक कारण झाले. गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा सीलिअॅक आजार, मूत्रपिंडाचे जुनाट दुखणे, मुलींमधला टर्नर सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष, वाढीच्या संप्रेरकाची (हार्मोनची) कमतरता या सगळ्यांची पहिली खूण पुष्कळदा मंदावलेली उंची हीच असते. म्हणून चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या काळात मूल वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर ते वर्गात उंच दिसो वा बुटके, त्याला डॉक्टरांना दाखवावे.

याच्या उलट, बुटके दिसणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही तितकेच ठासून सांगायला हवे. वाढीच्या तक्त्यावर, म्हणजे वयानुसार उंची-वजनाच्या रेषा काढलेल्या आलेखावर, सर्वांत खाली जी रेषा असते, तिच्याखाली शंभर निरोगी मुलांपैकी तीन मुले असतातच. आईवडील चणीने लहान असतील तर मूलही तसेच असणार. आईवडिलांच्या सेंटीमीटरमधल्या उंचीची बेरीज करावी, मुलगा असेल तर तीत १३ मिळवावे, मुलगी असेल तर १३ वजा करावे आणि उत्तराचे निम्मे करावे. प्रौढपणीची उंची त्या आकड्याच्या आठएक सेंटीमीटर वर किंवा खाली पडण्याची शक्यता जास्त. घरच्या घरी करता येणारा हा हिशेब आहे आणि त्याने पुष्कळ पालकांचा घोर मिटतो. काही मुलगे उशिरा वयात येतात. दहावीच्या वर्गात ज्याला अजून मिसरूड फुटलेले नाही आणि ज्याचा आवाज फुटलेला नाही, अशा मुलाला वर्गात जे ऐकून घ्यावे लागते ते फार वाईट असते. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून त्याच्या हाडांचे वय काढले तर ते प्रत्यक्ष वयापेक्षा दोन-तीन वर्षे मागे निघते, म्हणजे वाढायला तेवढा अवधी शिल्लक असतो. आणि पुष्कळदा शेजारी बसलेले वडील सांगतात की त्यांची स्वतःची उंचीही अकरावी-बारावीत वाढली होती. या मुलाला इंजेक्शनांची गरज नसते. घरातल्या मोठ्यांनी त्याची चेष्टा थांबवण्याची मात्र फार गरज असते.

मुलींच्या बाबतीत काळाचा हिशेब वेगळा आहे आणि तो न कळल्यामुळे पालक फार उशिरा येतात. "परवा पाळी आली, आता उंची थांबेल ना? काही औषध देऊन पाळी पुढे ढकलता येईल का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वस्तुस्थिती अशी की छातीची वाढ सुरू झाल्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, आणि उंची वाढण्याचा सर्वांत जोराचा काळ पाळी येण्यापूर्वीच सरलेला असतो. पाळीनंतर साधारण ५ ते ७ सेंटीमीटरच वाढ उरते. तेव्हा मुलीच्या उंचीकडे पाहायचे ते सातव्या-आठव्या वर्षापासून. आठ वर्षे पूर्ण होण्याआधी मुलीची छाती वाढू लागली, किंवा नऊ वर्षे पूर्ण होण्याआधी मुलात वयात येण्याच्या खुणा दिसू लागल्या, तर वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी, कारण अशी मुले आधी वर्गात सर्वांत उंच दिसतात, आईवडील खूश असतात, आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या लवकर बुजल्यामुळे शेवटी तीच मुले बुटकी राहतात. तेरा वर्षांपर्यंत मुलीत आणि चौदा वर्षांपर्यंत मुलात यातले काहीच सुरू झाले नसेल, तरीही दाखवावे. आपल्याकडे या गोष्टी बोलायच्या नाहीत अशी पद्धत आहे. आई मुलीशी थोडेतरी बोलते, मुलाशी बहुधा कोणीच बोलत नाही.

आता लहान मुलांविषयी. "आपली मुले जात्याच लहान चणीची, त्यांना परदेशी मोजमाप कशाला लावता?" असा युक्तिवाद सुशिक्षितांकडूनही ऐकू येतो. पाच वर्षांखालील मुलांसाठी आज जे तक्ते आपण वापरतो ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागचा अभ्यास १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत झाला आणि भारतातली मुले दिल्लीची होती. आईचे दूध मिळालेली, पोटभर खाणारी, स्वच्छ घरात राहणारी, वेळेवर लसी घेतलेली मुले निवडली, तेव्हा या सहा देशांतल्या मुलांची वाढ पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखी निघाली. तेव्हा धडगाव, अक्कलकुवा, धारणी किंवा मोखाडा अशा आदिवासी तालुक्यातले तीन वर्षांचे मूल खुरटलेले दिसते त्याचे कारण त्याच्या रक्तात शोधू नये. ते आईच्या गरोदरपणातल्या आहारात, वारंवारच्या जुलाबांत, पाण्यात आणि हंगामी स्थलांतरात शोधावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आढळली, आणि त्याआधीच्या फेरीतही प्रमाण जवळपास तेवढेच होते. यात श्रीमंत जिल्ह्यांच्या शहरी वस्त्याही आल्या. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे भरून काढणे अवघड असते, म्हणून अंगणवाडीत केवळ वजन करून भागत नाही; लांबी मोजण्याची पाटीही दर महिन्याला बाहेर निघाली पाहिजे.

वजनाविषयी आपल्या मनात दुसराच घोटाळा आहे. गणेशोत्सवात, जत्रेत, महिला मंडळांत आजही सुदृढ बालक स्पर्धा भरतात आणि बक्षीस बहुधा सर्वांत गुटगुटीत बाळाला मिळते. "खाल्लेलं अंगी लागत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांपैकी पुष्कळजणींची मुले उंचीच्या मानाने अगदी योग्य वजनाची असतात, आणि ज्यांना खरोखर सल्ला हवा ती गोलमटोल मुले तक्रारीशिवाय वाढत राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा जो अभ्यास १९९३ पासून चालवला, त्यात तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो निघाले. परंतु आपली बाळे इतकी बारीक असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. असे बाळ पुढे भराभर नुसते वजनाने फुगले तर मधुमेहाचा धोका वाढतो. हे लक्षात घेऊनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी जे भारतीय तक्ते काढले, त्यांत उंचीच्या मानाने वजन पाहण्याच्या धोक्याच्या रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली ठेवल्या आहेत; मोठेपणी २३ (जास्त वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या बॉडी मास इंडेक्सशी, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याशी, त्या जुळतात. या तक्त्यांच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. काम आपल्या राज्यात झाले आणि तक्ता मात्र आपल्या शाळांच्या भिंतीवर नाही, याचे मला वाईट वाटते.

उंची वाढवण्याच्या पावडरी, गोळ्या आणि बारला लटकण्याचे वर्ग यांवर पालक जे पैसे घालवतात, ते पाहून जीव तुटतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना गोड पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितले, पण दुधात दोन चमचे पावडर घातली की मूल उंच होते ही समजूत घट्ट बसली आहे. डाळ, उसळ, अंडे, दूध, शेंगदाणे, पालेभाजी, बाजरी-नाचणीची भाकरी आणि रात्रीची पुरेशी झोप यांपलीकडे निरोगी मुलाला उंचीसाठी काही लागत नाही. झोपेचा उल्लेख मुद्दाम करतो. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत सर्वाधिक स्रवते, किशोरवयात आठ ते दहा तास झोप हवी असते, आणि पहाटेचा क्लास व रात्रीचा मोबाइल यांच्यामध्ये आमच्या मुलांना सहा तासही मिळत नाहीत.

मोजण्याची पद्धत अवघड नाही, पण ती काटेकोर पाळावी लागते. मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते, म्हणजे एका सत्रात अडीच-तीन. तिथे एका सेंटीमीटरची चूकही सगळा अर्थ बदलून टाकते. भिंत सरळ आणि जमीन सपाट असावी, भिंतीच्या पायथ्याशी पुढे आलेली पट्टी (स्कर्टिंग) नसावी. मोजपट्टी भिंतीला कायमची चिकटवलेली असावी. बूट-मोजे, हेअरबँड आणि डोक्यावर येणाऱ्या वेण्या काढाव्यात. टाचा, पार्श्वभाग, पाठ आणि डोके भिंतीला लागलेले असावे, नजर सरळ समोर असावी. डोक्यावर वही किंवा हात ठेवून अंदाज करू नये. सुताराचा गुण्या भिंतीला काटकोनात टेकवून खाली आणावा आणि मिलिमीटरपर्यंत वाचावे. दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची सेंटीमीटरभर कमी होते, म्हणून दर वेळी सकाळीच मोजावी. दोन वर्षांखालील बाळाची लांबी मात्र आडवे ठेवूनच मोजावी, आणि त्याला दोन माणसे लागतात.

माझी मागणी नवी योजना काढण्याची नाही. अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून आहेत. शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून, सुरू झाला. अडचण अशी की अंगणवाडी सुटली की मुलाचा तक्ताही सुटतो, आणि सहा ते अठरा या बारा वर्षांत, जेव्हा वयात येण्याचा सगळा उलथापालथीचा काळ येतो, तेव्हा त्याच्या वाढीची सलग नोंद कोणाकडेच नसते. शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी मिळून एवढेच करावे: प्रत्येक शाळेत एक बिनचूक पट्टी लावावी, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, जुलै आणि जानेवारीत मोजमाप करावे, आणि प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुलांसाठी व मुलींसाठी वेगवेगळा भारतीय तक्ता छापून त्यावर ठिपके द्यावेत. शाळा बदलली तर दाखल्यासोबत हे पानही जावे. मूल आपली रेषा सोडून खाली किंवा वर सरकू लागले, तर शिक्षकांनी निदान करायचे नाही. पालकांना बोलावून तपासणी पथकाकडे किंवा जवळच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. वजनाचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत, ही एक अट मी आग्रहाने घालीन, कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुली अशा एका शब्दाने जेवण सोडतात हे मी पाहिले आहे, आणि आपल्या राज्यातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी आहे.

शासनाचा निर्णय व्हायला वेळ लागेल. तोवर आपले वृत्तपत्र एक गोष्ट करू शकते. येत्या जुलैत आरोग्य पुरवणीच्या एका पूर्ण पानावर मुलींचा आणि दुसऱ्या पानावर मुलांचा भारतीय तक्ता, कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल एवढ्या आकाराचा, मोजण्याच्या रीतीसह छापावा. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेकडून परवानगी मिळवण्याच्या आणि मजकूर तपासण्याच्या कामी माझी मदत हवी असल्यास मी ती आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा जिल्हा